हरणाच्या खुराकाचं बिल कोणाच्या नावे?

(जालना जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या चर्चेत एका तरुण कार्यकर्त्याने सूचना मांडली. गावागावांत वर्गणी करावी आणि गायरानावर हरणांसाठी सरकी पेंड आणि ज्वारीचा भरडा टाकावा. तिथेच पोट भरलं तर ती हरभऱ्यात आणि तुरीत उतरणार नाहीत. मांडवात बरेच जण हसले. मी हसलो नाही. ज्याने तीन महिने जागलीत काढलेत त्याला असली युक्ती सुचणारच. शिवाय ती जगावेगळीही नाही. अमेरिकेत टेक्सास म्हणून राज्य आहे. तिथले जमीनवाले दरवर्षी रानातल्या हरणांना विकतचा खुराक घालतात आणि वर त्यातून पैसा मिळवतात. ते का घालतात, त्यांना कसं परवडतं आणि आपल्याला परवडेल का, एवढाच विषय मी आज घेणार आहे.

आधी आपल्या रानात काय होतं ते बघू.

पाऊस पडला की माळावर पवन्या, मारवेल उगवतं, कुसळी उगवते. श्रावण-भादव्यात ते हिरवं असतं तोवर काळविटाला आपल्या पिकाची फारशी गरज नसते. दिवाळी सरली की माळ वाळतो. वाळल्या कुसळीत प्रथिनं उरतात तीन-चार टक्के. आपला कडबाही त्याच मापाचा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जे बारीक जीवजंतू चारा कुजवून पचवतात, त्यांना काम करायला साधारण सात टक्के तरी प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की पोट भरलेलं दिसतं, पण चारा पचत नाही आणि जनावर खंगतं. हे तुम्हाला पुस्तकातून शिकायला नको. नुसत्या कडब्यावर ठेवलेला बैल आणि कडब्याबरोबर रोज किलोभर पेंड मिळणारा बैल यांच्यातला फरक तुम्ही पाठीवर हात फिरवून सांगता.

आता हरणाच्या बाजूने विचार करा. पौषात एका अंगाला तीन टक्क्यांचं कुसळ आहे, बांधाच्या पलीकडे पंधरा-वीस टक्के प्रथिनांचा हिरवा हरभरा उभा आहे. त्यावर आंब आहे, पण हरणाला आंबेचं काही वाटत नाही. दाण्याचं माप तर आणखी वरचं. हरभरा आणि तूर वीस-बावीस टक्के, सोयाबीन चाळीस टक्क्यांच्या घरात. जनावर माजलं म्हणून पिकात येत नाही. माळावर जे मिळत नाही ते आपल्या रानात मिळतं म्हणून येतं. म्हणजे ज्याला टेक्सासवाले पूरक प्रथिन आहार म्हणतात, तो इथे आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतोच आहोत. फक्त पोत्यातून ओतत नाही, पेरून ठेवतो.

किती घालतो? मोठ्या मापाने हिशोब करू. काळविटाचं वजन तीस-चाळीस किलो. रोजचा कोरडा चारा धरा एक किलो. हिरव्यात मोजला तर चार किलो पाला. तीस हरणांचा कळप म्हणजे रोज एकशेवीस किलो हिरवा पाला. रब्बीचे नव्वद दिवस धरले तर सत्तावीस क्विंटल कोरडा माल. सगळाच आपल्या रानातला नसेल, निम्मा धरा. पण हरीण बैलासारखं एका जागी उभं राहून खात नाही. शेंडा खातं, घाटा खातं, पुढे जातं. जेवढं खातं त्याहून जास्त मोडतं. आणि रोही आला तर हिशोबच वेगळा. दोनशे किलोचं धूड ते. कपाशीची कोवळी बोंडं, पाती आणि शेंडे ओरबाडतं आणि बसायला तुरीचं रान निवडतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. हरभरा महिन्याचा असताना शेंडा खुडला तर फुटवे वाढतात, आपल्या आयाबाया भाजीसाठी खुडतातच. एका वर्षी माझ्या रानात पंचनाम्याला आलेल्या माणसाने हेच मला ऐकवलं. म्हणाला, "काका, हरणांनी खुडणी फुकट करून दिली, आता फुटवे बघा." तेव्हा हरभरा घाट्यावर होता. घाट्यावर आलेल्या हरभऱ्याला फुटवे फुटत नाहीत हे त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून बोलला, देव जाणे. मी त्याला चहा पाजला आणि सही केली. ती सही करायला नको होती.

आता टेक्सास. तिथला मुलूख पुष्कळसा आपल्यासारखाच, कमी पावसाचा, कापसाचा आणि ज्वारीचा. अमेरिकेत सगळ्यात जास्त कापूस त्याच राज्यात पिकतो. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. त्यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, आपल्या चितळ-सांबरासारखी. वाढतं शिंग म्हणजे बहुतेक प्रथिनच. नराला चांगलं शिंग यायचं तर आहारात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. रानातला पाला उन्हाळ्यात तेवढं देत नाही. मग जमीनवाला सोळा ते वीस टक्के प्रथिनांच्या गोळ्या मोठ्या पत्र्याच्या पिंपांत भरून रानात उभ्या करतो.

काही जण गोळ्यांऐवजी काय घालतात, सांगू? सरकी. पेंड नव्हे, अख्खी सरकी. तिच्यात बावीस-तेवीस टक्के प्रथिनं असतात आणि वर तेलही. जाळीच्या गोल कुंपणात ओतून ठेवतात, हरीण जाळीतून ओढून खातं. सरकी निवडण्याचं आणखी एक कारण आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्याच्या पोटात त्याचा बराचसा जोर मोडतो, म्हणून आपली म्हैस सरकी खाऊन दूध देते. डुकराला ते बाधतं आणि डुक्कर सहसा सरकीकडे फिरकत नाही. मका ओतला की पहिलं डुक्कर हजर होतं. मात्र सरकी फार दिवस आणि फार घातली तर नराच्या वीर्यावर परिणाम होतो, म्हणून जाणते लोक माजाच्या हंगामाआधी ती बंद करतात.

हा सगळा खर्च तो माणूस भूतदयेने करत नाही. शिकारी लोक त्याच्याकडून एकराच्या हिशोबाने वर्षाचा करार करतात. हरीण तिथेही सगळ्या जनतेचं मानतात, पण रानात पाय कोणी ठेवायचा हे जमीनवाला ठरवतो आणि त्याचे पैसे घेतो. कित्येक कुटुंबांना गुरांपेक्षा या कराराचा आधार मोठा आहे. जितकं शिंग मोठं तितका करार मोठा. पेंडीचा रुपया डॉलर होऊन परत येतो.

आणि आता जे सांगतो ते नीट ऐका. त्या टेक्सासात आपला काळवीटही आहे आणि आपला रोहीही आहे. रोही १९२० ते ३० च्या दशकांत किंग रँच नावाच्या प्रचंड मोठ्या जमिनीवर नेऊन सोडले, काळवीट १९३० च्या दशकात गेले. आज तिथे मोकळ्या रानातले रोही हजारांनी मोजतात. बाहेरून आणलेलं जनावर म्हणून कायद्याने ते जमीनवाल्याच्या मालकीचं. एका रोहीच्या शिकारीला पाहुणा हजार डॉलरच्या वर मोजतो. तोच रोही, तीच चार पोटं, तीच सवय. तिथे तो जमीनवाल्याला पैसे मिळवून देतो आणि इथे आपल्याला रात्रभर पत्र्याचा डबा बडवायला लावतो. (तिथेही सगळं गोडच आहे असं नाही. रोही गोचीड पसरवतो म्हणून गुरं पाळणारे वैतागलेत.)

फरक जनावरात नाही, जमिनीतही नाही. फरक आहे तो हक्कात.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला, अनुसूच्या सहावरून चारवर आल्या, काळवीट पहिल्यातच राहिला. रोही आणि रानडुक्कर आता दुसरीत आहेत. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर तीन ते सात वर्षं सजा. दुसरीतल्या जनावराने उभ्या पिकाचं नुकसान केलं तर त्याला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे. पहिलीतल्याला मात्र पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही. माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा न होण्याइतका जायबंदी झाला तरच. काळवीट आजवर कुणाच्या जिवावर उठलेला मी ऐकला नाही. म्हणजे काळविटापुरता तो दरवाजा बंद. तो उघडा असता तरी मी काळविटावर बंदूक धरली नसती. आमच्या आजीने आम्हाला हरणाला साधा दगड मारू दिला नाही.

पण त्याच कायद्याचं कलम ३९ वाचा. मेलेलं सापडलेलं वन्य जनावर, त्याचं कातडं, त्याचं शिंग ही सरकारी मालमत्ता. तुमच्या विहिरीत काळवीट पडून मेला तर तो सरकारचा आहे, हातही लावू नका. मरेपर्यंत त्याला पोसलं कोणी, यावर कायदा गप्प आहे.

आपल्या गावात कोंडवाडा असायचा, जुन्या मंडळींना आठवत असेल. माझा बैल सुटून तुमच्या ज्वारीत शिरला की तुम्ही तो कोंडवाड्यात घालायचा आणि मी दंड भरून सोडवायचा. तो कायदा १८७१ चा, इंग्रजांचा. जनावर ज्याचं, नुकसानही त्याचं, हे इंग्रजालासुद्धा कळत होतं. कायद्याने ज्याच्या अंगाला हात लावायची बंदी आहे ते जनावर माझ्या रानात शिरलं तर मी कुठल्या कोंडवाड्यात जाऊ?

हे नवंही नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. संस्थानांत शिकारीची राखीव रानं असत. कोल्हापूर दरबार काळविटाच्या शिकारीला चित्ते पाळायचा. त्यांचं राधानगरीचं शिकारीचं रान १९५८ साली अभयारण्य झालं. राजांच्या रानातली हरणं रात्री कुणाच्या पिकात चरत असतील, ते सांगायला नको. १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, त्यात जंगलखात्याने गुरांची चराई बंद केल्याचं गाऱ्हाणं आहे. आपली गुरं त्यांच्या रानात चरली तर गुन्हा, त्यांची जनावरं आपल्या रानात चरली तर निसर्ग.

आता आपल्या तरुण मित्राच्या सूचनेकडे येतो. तीस हरणांना रोज पाव किलो पेंड धरली तर साडेसात किलो. नव्वद दिवसांत पावणेसात क्विंटल. पन्नास किलोची साडेतेरा पोती. पोत्याचा भाव तुम्हाला पाठ आहे. एका गावाला एका कळपासाठी हे अशक्य नाही, म्हणून मोह होतो. पण मी नको म्हणतो.

टेक्सासवाल्याला हरणं जास्त हवीत आणि धष्टपुष्ट हवीत, म्हणून तो खुराक घालतो. पेंड खाल्लेली मादी वेळेवर गाभण राहते, तिचं पाडस जगतं. आपण खुराक घातला तर तेच होणार आणि तिसऱ्या वर्षी तीसची चाळीस-पन्नास होऊन हरभऱ्यात येणार. आणि पेंड मिळाली म्हणून हरीण चरणं सोडत नाही. तुमचा बैल पेंड खाल्ल्यावर वैरण सोडतो का? उलट पेंडीने पोटातले जंतू जोमात आले की चारा जास्तच लागतो.

भरड्याचं तर नावच काढू नका. भरडा टाकला की हरणाच्या आधी रानडुक्कर येईल. कुत्री येतील आणि पाडसं फाडतील. एखाद्या हरणाने एकदम पोटभर धान्य खाल्लं तर राशीत तोंड घातलेल्या बैलासारखं फुगून मरेल, आणि त्याचा जाब टाकणाऱ्याला द्यावा लागेल. ओल्या पेंडीला बुरशी येते, ती वेगळीच. शिवाय एका जागी तोंडं जमली की रोग पसरतो. अमेरिकेत हरणांना झिजवून मारणारा मेंदूचा एक रोग आहे. पहिल्यांदा १९६७ साली कोलोरॅडो राज्यात पिंजऱ्यातल्या हरणांत दिसला, टेक्सासात २०१२ साली सापडला. त्याच्या भीतीने कित्येक राज्यांनी हरणांना खाणं घालण्यावर बंदी किंवा बंधनं घातली आहेत.

मग करायचं काय? काही मित्र म्हणतात, बिहारसारखं करा. तिथे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने रोही आणि रानडुक्कर ठराविक भागांत वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केले. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांतच त्यावरून जाहीर भांडण झालं. मध्य प्रदेशाने दुसरा रस्ता घेतला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाजापूर भागातल्या शेतांतून हेलिकॉप्टरने हाकून, कनातीच्या गाळ्यात कोंडून आठशेच्या वर काळवीट आणि साठ-सत्तर रोही पकडले आणि अभयारण्यांत नेऊन सोडले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मालकाने येऊन आपली जनावरं स्वतःच्या खर्चाने नेली. म्हणजे मालक कोण ते कबूल झालं.

पण काळवीट जंगलात नेऊन भागत नाही. तो झाडीत राहणारा प्राणी नाही, त्याला उघडा माळ लागतो. नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० साली खास त्याच्यासाठी केलं, सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. बाकीची हरणं राहतात आपल्याकडे. आपल्या जिल्ह्यात जंगल नावापुरतं आणि गायरानं दिवसेंदिवस आकसत चाललेली. तेव्हा माझी मागणी पेंडीची नाही, कुरणाची आहे. उरलेल्या गायरानावर सरकारने पवन्या, मारवेल लावावं, राखावं, पाणवठा करावा. ज्याचं मुरमाड रान कळपाच्या वाटेवर आहे, त्याला ते कुरण म्हणून सोडायला सांगा आणि दरवर्षी ठरलेला खंड द्या. भरपाई म्हणून नको, चराईचा खंड म्हणून. टेक्सासवाल्याला शिकारी देतो, इथे शिकार बंद ठेवायची असेल तर ती बंद ठेवणाऱ्याने द्यावा. मी त्या खंडावर हरणं राखायला तयार आहे, आणि चांगली राखून दाखवीन.

तोवर आहे ते वसूल करा. पीक नुकसानीच्या शासन निर्णयात रानडुक्कर, रोही, माकड यांच्याबरोबर 'हरिण (सारंग व कुरंग)' असे शब्द आहेत. चितळ-सांबर म्हणजे सारंग, काळवीट म्हणजे कुरंग. अर्जात 'जंगली जनावराने खाल्लं' असं मोघम लिहू नका, 'काळवीट' लिहा. अर्ज तीन दिवसांच्या आत. पंचनाम्यात पिकाची अवस्था लिहिल्याशिवाय सही करू नका. माझी चूक पुन्हा कुणी करू नये. पीकविम्याचंही तसंच. वन्यप्राण्यांचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात घेण्याचं केंद्राने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. कळवायची मुदत बहात्तर तास. पण राज्याने आपला भाग आणि आपली जनावरं यादीत घातली तरच त्याचा उपयोग. यादीत आपला तालुका आहे की नाही, हे प्रत्येकाने आधी विचारून घ्यावं.

आणि एक हात जोडून सांगणं. कुंपणाच्या तारेत थेट लाइन सोडू नका. झटका मशीन वेगळं, मेनलाइन वेगळी. त्या तारेला हरीण चिकटायच्या आधी पहाटे पाणी धरायला गेलेला आपलाच शेजारी चिकटतो. मग हरीणही गेलं, माणूसही गेला आणि घरातला कर्ता तुरुंगात.

सरकारकडे जाताना आपल्या हातात आकडा पाहिजे. 'फार नुकसान होतं' हे सगळेच म्हणतात, त्याला कोणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक गावाने या रब्बीत एक वही ठेवायची. तारीख, गट नंबर, कळपात किती डोकी, काळवीट की रोही, पीक कोणतं आणि कोणत्या अवस्थेत, किती ओळी खाल्ल्या, जागलीला किती माणसं आणि किती रात्री. जागलीची मजुरीही लिहायची. घरच्या बाईने जागल केली तर तिचीही लिहायची, तीही पुरुषाच्याच दराने. नव्वद दिवसांनी बेरीज मारू आणि जिल्ह्याचं एकच बिल करू. ते कोणाच्या नावे फाडायचं, ते पुढच्या बैठकीत ठरवू.

वह्या दारापाशी टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना गावागणिक एक उचला आणि घेणाऱ्याचं नाव, गाव तिथल्या कागदावर लिहून जा.